मुलांना मंचावरून खाली उतरू द्या

प्रति,
नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शाळांचे मुख्याध्यापक व संस्थाचालक, तसेच शाळांमधून साहित्यवाटप करणारी मंडळं आणि प्रतिष्ठानं यांना,



मी लातूरची एक पालक. मुलगी इथं आठवीत शिकते. माहेर औसा तालुक्यातलं आणि सासरची निम्मी माणसं नांदेडला, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांचे कार्यक्रम माझ्या पाहण्यात असतात. त्यातल्या एका प्रकाराबद्दल बोलायचं बरेच दिवस राहून जात होतं, ते आज मोकळेपणानं लिहिते आहे. आपण शिकवणारी, शाळा चालवणारी माणसं आहात, म्हणूनच हे आपल्यापाशी बोलावंसं वाटतं.

शाळा उघडल्या की आपल्याकडे वाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. मागे फलक, पुढे सत्कारमूर्तींच्या खुर्च्या, माइकवरून गरजू विद्यार्थ्यांची नावं. मूल वर येतं, एका दप्तराला चौघांचे हात लागतात, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि मूल खाली जातं. हे जुनंच आहे. अलीकडे त्यात भर पडली ती देणाऱ्या मुलांची. शहरातल्या शाळेची बस खेड्यातल्या शाळेत किंवा एखाद्या वसतिगृहात जाते आणि आमची मुलं रांगेनं वह्या, खाऊ, स्वेटर वाटून परत येतात. देण्यातला आनंद मुलांना कळावा हा त्यामागचा हेतू आपण सांगता. त्या हेतूबद्दल मला शंका नाही आणि तो मला मोलाचा वाटतो. तक्रार आहे ती हा आनंद शिकवण्याच्या रीतीबद्दल.

माझ्या मुलीच्या वर्गाला असंच एकदा नेलं होतं. दप्तरं घाऊक आणलेली, पैसे आम्ही पालकांनी भरलेले. प्रत्येकीनं एक दप्तर उचलायचं, समोरच्या मुलीच्या हातात द्यायचं, फोटो झाला की बाजूला व्हायचं. संध्याकाळी पालकांच्या गटावर फोटो आले. आमची मुलगी हसते आहे आणि दप्तर घेणारी खाली बघते आहे. मी त्या मुलीचं नाव विचारलं, तर लेकीला ते माहीत नव्हतं. विचारायला वेळच नव्हता, रांग पुढे सरकत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तिला तो रंग आवडला नसेल का गं?" तेरा वर्षांच्या मुलीला समोरच्या मुलीचा संकोच दिसला, पण त्याचा अर्थ लावायला लागणारी कुठलीच गोष्ट त्या दिवशी तिला मिळाली नव्हती. दोघी शेजारी बसल्या नाहीत, एकमेकींशी बोलल्या नाहीत, डबा वाटून खाल्ला नाही. फोटो मात्र पाचपन्नास निघाले.

लहान मुलांना देण्याचा आनंद मुळात शिकवावा लागतो का, यावर अभ्यास झालेले आहेत. कॅनडातल्या लारा अ‍ॅकनिन, किली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन या तीन संशोधिकांनी २०१२ साली दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना खाऊ मिळाला तेव्हाचा चेहरा आणि त्यांनी तो एका बाहुल्याला दिला तेव्हाचा चेहरा, दोन्ही पाहिले. देताना मुलं जास्त आनंदी दिसली. त्यातही बाजूला सापडलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाट्यातला देताना आनंद अधिक होता. त्याआधी २००८ मध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या मुलांबद्दल लिहिलं होतं. मदत केल्याबद्दल ज्या मुलांना बक्षीस दिलं गेलं, ती पुढे बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करतच राहिली.

हे दोन निष्कर्ष आपण आपल्या शाळेच्या कार्यक्रमाशेजारी ठेवून बघावेत अशी माझी विनंती आहे. आमच्या मुलांनी दिलेलं दप्तर त्यांच्या वाट्यातलं नव्हतं. ते आमच्या खिशातलं होतं. मुलांचं त्यात काही कमी झालं नाही, त्यांनी काही निवडलं नाही, 'देऊ की नको' असा विचार करण्याची वेळही त्यांच्यावर आली नाही. आणि परत आल्यावर त्यांना प्रमाणपत्रं मिळाली. सर्वांत जास्त निधी आणणाऱ्या वर्गाला ढाल देणाऱ्या शाळाही मी पाहिल्या आहेत. जे मुलांकडे आपसूक होतं, तेच आपण प्रमाणपत्र देऊन कमी करतो आहोत.

निधीबद्दल मला जास्त कळकळीनं लिहायचं आहे, कारण यात लेकरं दुखावतात. "उद्या प्रत्येकानं वीस रुपये आणा" असं सांगितलं जातं. कारण चांगलंच असतं. कुणाचं ऑपरेशन, कुठला पूर, कुठली संस्था. पण ज्यांनी आणले नाहीत त्यांची नावं फळ्यावर राहतात. ज्या घरात बाप मोंढ्यात हमाली करतो किंवा आई चार घरची भांडी घासते, त्या घरातून सकाळी वीस रुपये निघत नाहीत. मूल पोट दुखतंय म्हणून घरी राहतं. ज्याला स्वतःलाच मदत हवी, त्याला आपण न दिल्याबद्दल वर्गासमोर उभं करतो. कृपा करून ही रीत याच वर्षी बंद करा. एखादी पेटी ठेवा, ज्याला जे टाकायचं ते टाकू दे, नाही टाकलं तर कुणाला कळू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घरोघर मूठ-मूठ धान्य बाजूला काढायला लावलं होतं. मुष्टिफंड म्हणत त्याला. मूठ गरिबाच्याही घरात निघते, आणि एकदा डब्यात पडली की कुणाची कुठली ते ओळखू येत नाही.

खरं तर मुलांना हे शिकवण्यासाठी आपल्याला लांब जायचं कारण नाही. आपल्या दोन जिल्ह्यांकडे दोन मोठ्या पंगती आहेत.

एक वेळ अमावस्येची. लातूर-धाराशिवच्या आणि नांदेडच्याही बऱ्याच भागातल्या माणसाला येळवस समजावून सांगायची गरज नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर शहर अक्षरशः ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. ज्यांना शेत नाही, बदलीवर आलेला कारकून, शिकायला खोली करून राहिलेली पोरं, त्यांना चार-चार ठिकाणची आमंत्रणं असतात. मुलं काय करतात? लोटे भरून आंबील नेतात, पळत जाऊन शेजारच्या शेतातल्या माणसांना हाका मारतात, पाहुण्याच्या ताटात आग्रहानं वाढतात. त्या आंबिलीचा फोटो कुणी काढत नाही आणि वाढणारं पोरगं पाचच मिनिटांनी त्याच पंगतीत बसून जेवतं. जुन्या पंगतींमध्ये कुणाला बांधापलीकडे बसवलं जायचं, हे मी विसरलेले नाही. ती लाज आपल्या वाट्याची आहे. म्हणूनच आजच्या मुलांना ही पंगत सगळ्यांना एकत्र बसवून दाखवायला हवी.

दुसरी नांदेडची. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये गोदावरीकाठी या गावात देह ठेवला, आणि सचखंड हजूर साहिबच्या परिसरात आजही लंगर चालतो. नांदेडच्या मराठी घरांतली मुलंही तिथं जेवून आलेली असतात. तिथं कुणी गरजू म्हणून वेगळं बसत नाही. ट्रकवाला, यात्रेकरू, वकील, भीक मागणारा, सगळे एका ओळीत जमिनीवर. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, मग घेणारा कितीही मोठा असो. आणि लहान मुलं पाणी देतात, रोट्या वाटतात, भांडी घासतात, आलेल्यांचे जोडे सांभाळतात. आज वाढणारा उद्या बसतो, आज बसलेला उठून वाढायला लागतो. शाळेच्या सहली नांदेडला गुरुद्वारा बघायला नेहमीच जातात. दर्शन, जेवण, फोटो आणि परत. माझी विनंती आहे की तिथल्या सेवादारांशी आधी बोलून मुलांना दोन तास भांडी घासू द्या. घरी ताट न उचलणारं मूल अनोळखी माणसाचं उष्टं ताट घासतं तेव्हा त्याला काय वाटतं, ते त्यालाच विचारा.

हे मी एवढ्या हट्टानं का लिहिते आहे ते सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. आमच्या गावात मोठी जीवितहानी झाली नाही, पण घरांना भेगा गेल्या आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शिकलो. त्या काळात आम्ही घेणारी मुलं होतो. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेलं आम्ही खाल्लं, पांघरलं. त्याबद्दलची कृतज्ञता आजही मनात आहे. पण मला आठवतात ती रांगा लावून वाटप करून गेलेली मोठी माणसं नाहीत. त्यांचा एकही चेहरा आठवत नाही. आठवतात ती मुक्कामाला राहिलेली कॉलेजची पोरं. दिवसभर दगडमाती उपसायची आणि रात्री आमच्याबरोबर जेवायची. माझी आई त्यांना भाकरी आणि पिठलं करून घालायची. घरात काही धड उरलेलं नव्हतं, तरी त्यांनी "नको मावशी" म्हटलं की तिला राग यायचा. त्यांनी ते खाल्लं हे त्यांनी आम्हाला दिलेलं सगळ्यात मोठं देणं होतं, असं मला आता वाटतं. मदत घेणाऱ्याच्या हातालाही काहीतरी द्यायचं असतं.

त्याच भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं या भागातली सुमारे १२०० मुलं शिकवण्यासाठी पुण्याला नेली आणि वर्षानुवर्षं सांभाळली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या साथींनी 'आपलं घर' उभं केलं. मुलांना मदतीची गोष्ट सांगायची तर ही सांगा. एका दिवसात संपणारा कार्यक्रम आणि दहा-बारा वर्षं चालणारी जबाबदारी यांतला फरक आठवीच्या मुलांना नक्की कळतो. आपण घेतलेलंही त्यांना सांगा. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आलं. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं, पुढे एकेका गाडीत २५ लाख लिटर येऊ लागलं. आज लातुरात चौथी-पाचवीत बसलेली मुलं तेव्हा जन्मायची होती किंवा पाळण्यात होती. आपल्या गावानं दुसऱ्या गावाचं पाणी प्यायलं आहे हे त्यांना माहीत असेल, तर देताना त्यांची मान वेगळी राहील.

आता हासेगावबद्दल. औसा तालुक्यातल्या या गावात रवी बापटले यांनी २००७ पासून एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी 'सेवालय' चालवलं आहे. आपल्यातल्या कित्येक शाळा तिथं खाऊ आणि कपडे घेऊन जातात. पण या मुलांना गावच्या शाळेत बसू द्यायला सुरुवातीला विरोध झाला होता, हेही आपल्याला आठवत असेल. तेव्हा त्या मुलांना हवी होती ती बाकावरची जागा आणि शेजारी बसणारं कुणीतरी. ते देणं एकाही पैशाचं नव्हतं आणि तेच सगळ्यांना जड गेलं. तीच मुलं पुढे 'हॅपी म्युझिक शो' घेऊन गावोगाव गाऊ-नाचू लागली आणि त्यांच्यासमोर आपण श्रोते म्हणून बसलो. कुठल्याही संस्थेत मुलांना न्यायचं असेल तर असं न्या. एकत्र क्रिकेट खेळू द्या, तिथल्या मुलांना गाणं शिकवू द्या, आपल्या मुलांनी शिकावं. वस्तू द्यायच्याच असतील तर त्या आधी कार्यालयात पोचवाव्यात. काय हवं आहे तेही आधी विचारावं, कारण बिस्किटांचे पुडे अशा ठिकाणी ढिगानं जमतात आणि अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चादरी, चष्मे यांची आठवण कुणाला होत नाही.

फोटोबद्दल एक कायद्याची बाब आपल्या नजरेला आणते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एचआयव्हीबाबत २०१७चा वेगळा कायदा आहे. तो भेदभावाला मनाई करतो आणि संमतीशिवाय माहिती उघड करण्यालाही. बालगृहातल्या मुलांचे चेहरे शाळेच्या पानावर टाकताना हे किती जणांच्या लक्षात असतं? पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याच मुलाचा, फाटक्या चपलांसह, मदत घेतानाचा फोटो जिल्ह्याच्या पानावर छापून यावा असं आपल्यापैकी कुणाला चालेल? २०२५च्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यातल्या हसनाळसारख्या गावांत रातोरात पाणी शिरलं, पुढे सप्टेंबरमध्ये सगळ्या मराठवाड्याची शेतं खरवडून गेली. तेव्हा मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो दिसले म्हणून आपण सगळेच चिडलो होतो. आपल्या मुलांच्या हातून आपण त्याच रीतीचं वाटप करून घेतो आहोत, हे बोलायला मलाही जड जातं, पण ते तसं आहे.

गरज शोधायला बस काढावी लागत नाही, ती वर्गात असते. कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूरकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलं फडावरून परत येतात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. परत आलेल्या मुलीला चार महिन्यांचं गणित शिकवायला तिच्याच वर्गातल्या एखादीनं रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास दिला, तर त्याला ना फलक लागतो ना पाहुणे. शिक्षकांनी फक्त दोघींची जोडी लावून द्यायची आणि पुढे आपण गप्प राहायचं. त्या मुलीकडूनही आपल्या मुलीला शिकण्यासारखं पुष्कळ असतं. चूल पेटवण्यापासून धाकट्या भावाला सांभाळण्यापर्यंत सगळं ती एकटीनं करत असते.

लातूरच्या कॉलेज आणि क्लासवाल्यांशीही दोन शब्द. लातूर पॅटर्ननं आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुलांना डॉक्टर केलं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण इथं खोली करून राहिलेली सतरा वर्षांची मुलं शेजारच्या खोलीतल्या मित्रापासून नोट्स लपवतात, आणि तो आजारी पडला तर बुडालेल्या तासाचं त्याला सांगत नाहीत. एका गुणानं मागे पडण्याची भीती आपणच त्यांच्या मनात घातली. पुढे हीच मुलं रुग्णाच्या उशाशी उभी राहणार आहेत. नीटची परीक्षा झाली की महागाची पुस्तकं आणि प्रश्नसंच रद्दीत जातात. प्रत्येक क्लासनं निकालाच्या आधी एक खोली मोकळी ठेवावी, जाणाऱ्या मुलांनी आपला संच तिथं ठेवावा आणि येणाऱ्यांनी न विचारता उचलावा. वाटल्यास पुस्तकाच्या पहिल्या पानावर पुढच्या मुलासाठी कुठला धडा अवघड आहे ते लिहून ठेवावं. एवढं केलं तरी गावाकडून पहिल्यांदा लातूरला आलेल्या एखाद्या पोराचे काही हजार रुपये वाचतील.

आपल्यापुढच्या अडचणी मला ठाऊक आहेत. देणगीदाराला फोटो हवा असतो, वृत्तपत्राला बातमी हवी असते आणि शिक्षकाला वर अहवाल पाठवायचा असतो. प्रतिष्ठानच्या मंडळींना माझं सांगणं आहे की मुख्याध्यापकांकडे दप्तरांची संख्या आणि पावती मागा, मुलांचे चेहरे मागू नका. दप्तरं पहिल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक बाकावर ठेवलेली असू देत, ज्याला गरज आहे त्यालाही आणि ज्याला नाही त्यालाही. पैसे पुरत नसतील तर थोड्याच शाळा घ्या, पण अख्खा वर्ग घ्या. मुख्याध्यापकांनी एकदा ठाम नकार दिला तर देणगी परत जाईल अशी भीती वाटते खरी, पण देणाऱ्यांत समजूतदार माणसं पुष्कळ आहेत, त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं एवढंच.

शेवटची विनंती दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एक परिपत्रक काढावं. मदत घेणाऱ्या मुलाचं नाव माइकवरून पुकारू नये, त्याचा फोटो काढू नये, निधी न आणणाऱ्याचं नाव लिहू नये आणि निधी आणणाऱ्यांची स्पर्धा लावू नये, एवढ्या चार ओळी त्यात पुरेत. परिपत्रक निघेपर्यंत थांबण्याचंही कारण नाही. हे पत्र आपल्या शाळेच्या पुढच्या शिक्षकसभेत वाचलं जावं आणि कुणाचं वेगळं मत असेल तर ते मला अवश्य कळवावं.



आपली नम्र,
एक पालक
लातूर